कंबरदुखीच्या पेशंटची सेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाडांच्या वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरचा नंबर एकदा गल्लीत कळला की पेशंट घरी गेल्यावरही प्रश्न थांबत नाहीत. डिस्चार्जच्या गडबडीत डॉक्टरांना विचारायचं राहून गेलेलं, लाजेपोटी सोडून दिलेलं, रात्री दोनला सुचलेलं, सगळं व्हॉट्सअॅपवर येतं. कोल्हापुरातनं, कागल-हातकणंगले-पन्हाळ्याकडनं, आणि अलीकडं नर्सिंग शिकणाऱ्या मुलींकडनंही. तेच तेच विचारलं जातं म्हणून इथं एकत्र लिहून ठेवलंय. कोणतं औषध आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पेशंटच्या उशाशी बसणाऱ्यानं काय करायचं, एवढंच इथं आहे.

१. कंबर धरली की पूर्ण विश्रांती द्यायची ना? किती दिवस झोपवून ठेवू?

एक दिवस, फार तर दोन. तेसुद्धा दुखणं असह्य असेल तर. ‘तीन आठवडे बेडवरनं खाली उतरायचं नाही’ हा सल्ला जुना झाला. पडून राहिल्यानं पाठीचे स्नायू भराभर ढिले पडतात, संडासला घट्ट होतं, म्हाताऱ्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते, आणि ‘हललो की मोडणार’ ही धास्ती मनात घर करते. ती धास्ती काढायला मग महिने जातात.

म्हणून सेवा म्हणजे पेशंटला हलू न देणं नव्हे. त्याला कमी त्रासात हलतं ठेवणं ही सेवा. घरातल्या घरात पाच मिनिटं चालणं, मग आडवं होणं, पुन्हा तासाभरानं चालणं, असं. याला अपवाद आहेत, ते प्रश्न १६, १७ आणि १८ मध्ये आहेत. तुमचा पेशंट त्यात बसत असेल तर आधी ते वाचा.

२. कंबरेत नेमकं काय बिघडतं? ‘मणक्यात गॅप’ आलाय म्हणे, एमआरआय काढला तर कळेल का?

शंभरातल्या साधारण नव्वद जणांत बोट ठेवून दाखवता येईल असं एकच कारण सापडत नाही. स्नायू, सांधे, गाद्या (म्हणजे मणक्यांमधल्या चकत्या) यांचं मिळून दुखणं असतं आणि बहुतेकांचं सहा आठवड्यांत बरंच उतरतं. बारा आठवड्यांच्या पुढं गेलं की त्याला जुनाट म्हणायचं.

दुखणं कुल्ल्यातनं निघून गुडघ्याच्या खाली पोटरीत, पावलापर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, तर नस दबल्याची शक्यता. बहुतेक वेळा कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली किंवा त्याखालची गादी सरकलेली असते. हेही बहुतेकांचं ऑपरेशनाशिवाय बरं होतं.

एमआरआयचं म्हणाल, तर काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांचे एमआरआय तपासले तेव्हा ३७ टक्क्यांत गादी झिजलेली दिसली आणि ऐंशीच्या घरातल्यांत ९६ टक्क्यांत. म्हणजे रिपोर्टवरचा ‘गॅप’ हेच तुमच्या दुखण्याचं कारण असेल असं नाही. एमआरआय काढायचा तो धोक्याची लक्षणं असतील (प्रश्न ३), किंवा काही आठवडे उपचार करूनही पायाचं दुखणं हटत नसेल तेव्हा.

३. कोणती लक्षणं दिसली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा?

या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

लघवी तुंबली, किंवा न कळत व्हायला लागली. संडासवरचा ताबा गेला. सायकलच्या सीटला अंगाचा जो भाग टेकतो तिथं, म्हणजे गुप्तांग आणि गुदद्वाराच्या आसपास, बधिरपणा आला. दोन्ही पायांतली ताकद कमी होत चालली. यातलं एक जरी झालं तरी कंबरेतल्या नसांचा अख्खा जुडगा दाबला गेलेला असू शकतो. ऑपरेशन लागलं तर ते तासांच्या हिशोबानं लवकर व्हावं लागतं. उशीर झाला तर लघवी-संडासचा ताबा कायमचा जाऊ शकतो. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जा नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा, पण रात्रीच जा. गाडी नसेल तर १०८ लावा.

पेशंट हे आपणहून सांगत नाही. सुनेला सासरा कसा सांगणार? म्हणून विचारायची जबाबदारी तुमची, आणि सरळ शब्दांत: ‘शेवटची लघवी कधी झाली? धुताना हात लागलेला कळतो का?’ सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल आणि ओटीपोट टणक, फुगलेलं लागत असेल तर थांबू नका.

दुसऱ्या गटात ताप, रोज संध्याकाळी कणकण, रात्रीचा घाम, वजन उतरणं, पूर्वी झालेला कॅन्सर, बरेच दिवस स्टिरॉइड चालू असणं, पडल्या-आपटल्यानंतरचं दुखणं, आणि रात्री झोपेतनं उठवणारं, कूस बदलूनही न थांबणारं दुखणं येतं. यात रात्रीतनं पळायची गरज नसते, पण दोन-चार दिवसांत तपासून घ्यावंच.

४. पायाची ताकद कमी होतेय हे घरी कसं ओळखायचं?

पेशंट आडवा असताना दोन्ही पायांचे अंगठे त्याला स्वतःच्या तोंडाकडं ओढून धरायला सांगा. तुम्ही दोन बोटांनी ते खाली दाबायचा प्रयत्न करा. निरोगी अंगठा सहज दबत नाही. एका बाजूचा लगेच खाली गेला तर त्या पायाची नस कमजोर झालीय. चालू शकत असेल तर चार पावलं टाचांवर आणि चार पावलं चवड्यांवर चालवून बघा, भिंतीच्या कडेनं. चालताना चप्पल एका पायातनं निसटत असेल, तर तीही खूण धरा. रोज एकाच वेळेला बघायचं आणि लिहून ठेवायचं. कालपेक्षा आज कमी वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

५. गादी काढून फरशीवर झोपवलंय, बरोबर आहे ना? कसं झोपवू?

फरशीवर नको. फार मऊ, खड्डा पडलेली गादी वाईट आणि नुसती फरशीही वाईट. मध्यम कडक कापसाची गादी पुरे, महागडी ‘ऑर्थो’ गादी घ्यायलाच हवी असं नाही. आणि फरशीवरनं उठताना कंबरेला जो हिसका बसतो तो वेगळाच.

उताणं झोपायचं तर गुडघ्यांखाली जाड उशी किंवा घडी घातलेली वाकळ. कुशीवर झोपायचं तर गुडघे थोडे वाकवून दोन्हींच्या मध्ये उशी. पालथं शक्यतो नको. जमतच नसेल तर पोटाखाली पातळ उशी घ्या. ज्यात झोप लागते ती स्थिती बरोबर, एवढंच लक्षात ठेवा.

६. अंथरुणातनं उठवताना जीव जातो. हात धरून ओढू का?

ओढू नका. बहुतेक घरांत इथंच चुकतं. उताण्यावरनं सरळ उठून बसणं हा कंबरेवरचा सगळ्यात वाईट ताण.

आधी दोन्ही गुडघे वाकवून घ्यायचे. मग खांदे आणि कंबर एकत्र फिरवत कुशीवर वळायचं, पलंगाच्या कडेकडं. पाय कडेवरनं खाली सोडायचे आणि त्याच वेळी खालचं कोपर आणि वरचा तळहात गादीवर रेटून धड वर आणायचं. पाय खाली जातात तसं धड आपसूक वर येतं. तुम्ही एक हात खांद्यामागं, एक हात गुडघ्यांच्या बाहेरून, एवढाच आधार द्या. बसल्यावर मिनिटभर थांबा, चक्कर येते का विचारा, विशेषतः नवी गोळी सुरू झाली असेल तर. मग उभं करा. आडवं होताना हेच सगळं उलट क्रमानं.

७. आई स्वतः वळूच शकत नाही. कूस कशी बदलायची?

साध्या कंबरदुखीत पेशंट हळूहळू आपणच वळतो, त्याला वळू द्या. ऑपरेशन झालेलं असेल, मणका मोडलेला असेल किंवा ताकदच नसेल, तर मात्र धड न पिळता एका ओळीत वळवायचं असतं. वॉर्डात याला आम्ही ‘लॉग रोल’ म्हणतो.

घरी दोन माणसं आणि एक चादर लागते. चादरीची चार पदरी घडी घालून खांद्यापासून मांडीपर्यंत पेशंटच्या खाली आधीच अंथरलेली असावी. पेशंटचे हात छातीवर, गुडघ्यांमध्ये उशी. दोघेही एकाच बाजूला उभे राहा, म्हणजे ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला. एकानं खांदा आणि कमरेजवळची चादर धरायची, दुसऱ्यानं कुल्ला आणि मांडीजवळची. डोक्याकडच्यानंच आकडे म्हणायचे, दुसऱ्यानं नाही. ‘तीन’ला दोघांनी मिळून आपल्याकडं घ्यायचं. नाक, बेंबी आणि गुडघे एकाच दिशेला राहिले पाहिजेत. मग पाठीमागं लांब उशी लावा.

वळवलं की लगेच पाठ बघा. माकडहाड, कुल्ल्यांचे उंचवटे, टाचा. लालसर डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. तिथं चोळायचं नाही, त्या भागावरचा भार काढायचा. स्वतः न हलणाऱ्या पेशंटची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. टाचा तर उशीच्या काठाबाहेर अधांतरी ठेवाव्यात.

८. खाली बसायचा संडास आहे. काय करू? आणि चार दिवस झालंच नाही.

दुखणं जोरात असताना उकिडवं बसू नये. प्लॅस्टिकच्या खुर्चीला मध्ये गोल कापून भांड्यावर ठेवणारे पुष्कळ आहेत. खुर्ची हलत नसेल आणि कडा घासून गुळगुळीत केल्या असतील तर चालतं. त्यापेक्षा घडीची कमोड खुर्ची भाड्यानं घ्या. अंथरुणातच द्यायचं असेल तर पुढनं चपटं असलेलं बेडपॅन घ्या आणि कुशीवर वळवून मगच खाली सरकवा. कंबर वर उचलायला लावू नका.

न होण्याचं कारण बहुतेक वेळा तीन गोष्टींचं मिळून असतं: हालचाल नाही, पाणी कमी पिणं (संडासला जावं लागू नये म्हणून पेशंट मुद्दाम पीत नाही, हे बघून ठेवा), आणि गोळ्या. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी हमखास घट्ट होतं. हृदय-किडनीचं पथ्य नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, भाकरी, पालेभाजी, पेरू, ताक. कुंथणं टाळायचं, कारण कुंथताना मणक्यातल्या गादीवरचा दाब वाढतो. तीन दिवसांच्या वर गेलं तर सौम्य जुलाबासाठी डॉक्टरांना विचारा. सोबत बधिरपणा किंवा लघवीची तक्रार असेल तर हा बद्धकोष्ठाचा विषय राहिला नाही, प्रश्न ३ बघा.

९. शेक गरम द्यायचा की बर्फाचा?

नुकतीच लचक भरली असेल, मार लागला असेल, तर पहिले एक-दोन दिवस बर्फ बरा वाटतो. बाकी बहुतेकांना गरमच मानवतो. कशानंही बरं होण्याचा वेग फारसा बदलत नाही, आराम पडतो एवढंच, आणि तेवढं पुरेसं आहे.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. पिशवी पाठीवर ठेवायची, पिशवीवर पेशंटला झोपवायचं नाही. अंगाच्या भारानं उष्णता एकाच जागी कोंडते आणि कातडी भाजते. बाम किंवा स्प्रे लावल्यावर लगेच शेक नको, भाजतं. तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी किंवा वीट अजून चालते गावाकडं. तिची उष्णता हातात राहत नाही, त्यामुळं मी ती टाळते. शुगरच्या पेशंटला आणि बधिर भागावर शेक द्यायचा तर दर पाच मिनिटांनी कातडी बघा. त्याला चटका कळतच नाही.

१०. उसण भरलीय. पायाळू माणसाकडनं पाय लावून घेऊ का? हाड बसवणाऱ्याकडं नेऊ?

पायाळूनं हलकासा पाय टेकवला तर त्यानं बिघडत काही नाही. उसण तशीही दोन-चार दिवसांत उतरते, श्रेय पायाला मिळतं. पण लाथ मारल्यासारखा दणका, पाठीवर उभं राहणं, मान-कंबर एका हिसक्यात पिळून कडकन आवाज काढणं, हे नको म्हणजे नकोच. नस दबलेली असेल तर ती आणखी दबू शकते आणि म्हाताऱ्या हाडाचा मणका मोडू शकतो.

हलक्या हातानं तेल चोळायला हरकत नाही. मणक्याच्या हाडावर नाही, दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर. चोळताना पायात कळ गेली तर थांबायचं.

११. गोळ्या देताना काय बघायचं?

दुखणं थांबवणाऱ्या बहुतेक गोळ्या (डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब) एकाच घराण्यातल्या. उपाशीपोटी द्यायच्या नाहीत आणि दोन वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या एकत्र द्यायच्या नाहीत. एकाच पाकिटात पॅरासिटामॉलही मिसळलेलं असतं, वरनं तापाची म्हणून वेगळी गोळी दिली की डोस दुप्पट होतो. पाकिटामागची नावं वाचा, जमत नसेल तर केमिस्टला दाखवा.

किडनीचा त्रास, हृदयविकार, पूर्वीचा अल्सर, रक्त पातळ करणारं औषध, बीपी-लघवीच्या गोळ्या यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. काळी चिकट संडास, लघवी कमी, पायावर सूज: गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवायचं.

नस शांत करणाऱ्या प्रीगाबालिन-गाबापेंटिनसारख्या गोळ्यांनी आणि स्नायू सैल करणाऱ्या काही गोळ्यांनी गुंगी येते. पहिल्या काही रात्री बाथरूमला एकट्यानं जाऊ देऊ नका. प्रीगाबालिन-गाबापेंटिन बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करायच्या नाहीत, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

१२. एक जण पुडी देतो, दोन दिवसांत माणूस पळायला लागतो. देऊ का?

नाव नसलेल्या, घटक न लिहिलेल्या पुडीनं दोन दिवसांत पळायला लागला तर तिच्यात स्टिरॉइड किंवा वेदनाशामक कुटून घातलेलं असण्याचा संशय घ्या. शुगर वाढते, तोंड सुजल्यासारखं गोल होतं, हाडं ठिसूळ होतात. अनेक आठवडे घेत असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. पुडी घेऊन डॉक्टरांकडं जा आणि काही न लपवता सांगा.

१३. पट्टा बांधायचा का? आणि वजन लावून ताणून घ्यायचं?

मेडिकलमधनं पट्टा आणतात आणि आंघोळीपुरता काढतात, असं सर्रास चालतं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टे, ट्रॅक्शन आणि अफूवर्गीय वेदनाशामक नेहमीच्या वापरात नकोत असंच म्हटलंय. त्याऐवजी व्यायाम, शिक्षण आणि मानसिक आधार यांवर भर आहे. प्रवासापुरता किंवा अंगमेहनतीच्या कामापुरता तास-दोन तास पट्टा लावला तर माझं भांडण नाही. झोपताना नाही म्हणजे नाही. मणका मोडलेला असेल, ऑपरेशन झालेलं असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा ही वेगळी गोष्ट.

१४. व्यायाम कधी सुरू करायचा? दुखत असताना करायचा?

चालणं पहिल्या दिवसापासून. आडवं असतानाही तासाला दहा वेळा पावलं वर-खाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उताणं झोपून गुडघे वाकवून पोट आत घेत कंबर गादीला टेकवणं. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडनं शिकून घ्यायचे, यूट्यूबवरनं नाही, कारण एकाला मागं वाकल्यानं बरं वाटतं तर दुसऱ्याला त्यानंच वाढतं.

थोडं दुखणं चालतं. बघायचं ते दुखणं कुठं सरकतंय. पोटरीतलं दुखणं मांडीत, मग कुल्ल्यात असं वर यायला लागलं तर कंबर जरा जास्त दुखली तरी चांगली खूण. उलट खाली पावलाकडं उतरायला लागलं तर तो व्यायाम त्या दिवशी बंद. घराबाहेर पडायला लागल्यावर रंकाळा तलावावर आधी कठड्याजवळच्या बाकांच्या हिशोबानं चाला, अख्खी फेरी मारायची घाई नको.

१५. काम कधी सुरू करू? ऊसतोड, फौंड्री, धारा, तालीम...

पूर्ण बरं होईस्तोवर घरी बसायचं नसतं. कामाचा प्रकार बदलून लवकर सुरू करायचं असतं. काम कोणतं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

म्हशीची धार काढणाऱ्यांचं दुखणं सकाळचं असतं. रात्रभरात मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यापासूनच्या पहिल्या तासात वाकलं तर त्यांच्यावर ताण जास्त येतो. उठल्या उठल्या उकिडवं बसू नका. आधी वैरण-पाणी, अंगणात दहा-पंधरा मिनिटं चालणं, मग बुटक्या स्टुलावर बसून धार. शेण काढायला लांब दांड्याचं खोरं.

ऊसतोडीत कोयत्यापेक्षा मोळी वाईट. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकवर चढणं महिना-दोन महिने दुसऱ्याकडं द्यायचं. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत साचे उचलणाऱ्यांनी सुपरवायझरला चिठ्ठी दाखवून बसून-उभं राहून करायचं काम मागून घ्यावं. डॉक्टर ‘हलकं काम’ लिहून देतात, पण ‘वाकून वजन उचलायचं नाही’ असं नेमकं लिहून घ्या. नुसतं ‘हलकं’ कुणी मानत नाही. हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या बायका मांडी घालून तासन्‌तास बसतात. त्यांनी बसण्याखाली पाट आणि दर अर्ध्या तासाला उठून दोन मिनिटं उभं राहायचं.

पैलवान मंडळींनो, चालणं, मग वजनाविना मेहनत, मग जोर-बैठका आणि सगळ्यात शेवटी लढत. धोबीपछाड आणि ढाक यात कंबर एकाच वेळी वाकते आणि पिळली जाते. वस्तादांनी हो म्हटलं तरी डॉक्टरांना विचारा.

१६. गादीचं ऑपरेशन झालंय. घरी आल्यावर काय सांभाळायचं?

साध्या गादीच्या ऑपरेशनानंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. मणक्यात स्क्रू घातलेले असतील तर सर्जननं सांगितलेलं वेळापत्रकच खरं. दोन्हीत सामायिक: पुढं वाकणं, कंबर पिळणं, वजन उचलणं नाही. भरलेली कळशी, नातवंड, सिलिंडर, काहीच नाही. सलग बसणं पहिले काही आठवडे वीस-तीस मिनिटांच्या वर नको. दुचाकीवर मागं बसूनसुद्धा नको, आपल्या रस्त्यांचे खड्डे माहीत आहेतच. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर जखम कोरडी.

जखमेतनं पाण्यासारखा स्राव आणि बसल्यावर वाढणारी, आडवं झाल्यावर कमी होणारी डोकेदुखी: लगेच सर्जनला फोन. ताप, जखमेभोवती लाली, एका पोटरीला सूज: तोच दिवस. पायाची कळ आधी जाते, बधिरपणा रेंगाळतो, कधी काही महिने. त्यानं घाबरू नका, ताकद कमी होत नाही ना एवढं बघा (प्रश्न ४).

१७. आजी एसटीत बसल्या होत्या, खड्ड्यात गाडी आदळली, तेव्हापासून पाठीच्या मधोमध दुखतंय. शेक देऊ?

आधी एक्स-रे. साठीपुढच्या बाईला साध्या आदळण्यानं, नुसत्या खोकल्यानंही मणका दबून मोडू शकतो, कारण हाडं ठिसूळ झालेली असतात. उंची कमी होणं, पोक येणं या त्याच्याच खुणा. मालिश नाही, पुढं वाकायचे व्यायाम नाहीत, वळवताना प्रश्न ७ प्रमाणं. इथं थोडे दिवस विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेला पट्टा दोन्ही लागू शकतात. दुखणं उतरल्यावर विषय सोडू नका. ठिसूळपणाचं औषध सुरू झालं नाही तर दुसरा मणका रांगेत असतो.

१८. मणक्याचा टीबी निघालाय. यालाही चालवत ठेवायचं?

हा मोठा अपवाद. मणका किती पोखरला आहे त्यावर डॉक्टर विश्रांती, पट्टा, चालणं ठरवतात. स्वतःच्या मनानं व्यायाम नाही. औषध साधारण वर्षभर, कधी जास्त, आणि बरं वाटलं तरी सोडायचं नाही. सरकारी दवाखान्यात ते मोफत आहे आणि निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये पेशंटच्या खात्यावर येतात, आधी ५०० होते. नोंदणी झाली का ते आशाताईला विचारा. ताटं वेगळी करू नका. फुप्फुसात टीबी नसेल तर नुसत्या मणक्याच्या टीबीची घरच्यांना लागण होत नाही. पाय जड पडायला लागले तर प्रश्न ३.

१९. कंबरच दुखतेय, पण कंबरेचं दुखणं नाही असं होतं का?

होतं. मुतखड्याचा माणूस एका जागी पडूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो, कळ कुशीतनं जांघेत उतरते. कंबरदुखीवाला हलायलाच तयार नसतो. नुसत्या बघण्यात हा फरक कळतो.

एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग-आग होतेय, पाठ साफ दिसतेय आणि दोन-तीन दिवसांनी पुरळ उठलं तर ती नागीण. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत औषध सुरू झालं तर उपयोग जास्त, त्यामुळं गेरू लावत बसू नका. थंडी-ताप आणि लघवीला जळजळ सोबत असेल तर किडनीचं इन्फेक्शन. म्हाताऱ्या माणसाला अचानक पोट-पाठीत कळ येऊन चक्कर आली तर १०८.

२०. सहावा महिना चाललाय, कंबर खूप दुखते. गोळी घेऊ?

वेदनाशामक गोळी मनानं अजिबात नाही, विशेषतः २० आठवड्यांनंतर. बाळाच्या किडनीवर परिणाम होऊ शकतो. डाव्या कुशीवर झोपा, पोटाखाली एक आणि गुडघ्यांमध्ये एक उशी. कंबरेला कोमट शेक चालेल, पोटाला नको. दुखणं थांबून-थांबून येत असेल आणि त्याच वेळी पोट कडक होत असेल तर ती वेळेआधीची कळ असू शकते, तेव्हा थेट प्रसूतीच्या दवाखान्यात.

२१. रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी मिस्टर उठत नाहीत. नाटक करतायत का?

नाही. दुखणं रिपोर्टात दिसत नाही म्हणजे ते नाही असं नसतं. त्यांना आकडा विचारा: शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. गोळीआधी आणि तासाभरानं, दोन्ही वेळा वहीत. आठचा पाच झाला की उठवायची वेळ ती. ‘आज बाथरूमपर्यंत, परवा उंबऱ्यापर्यंत’ असं ठरवा आणि ठरलेलं पूर्ण झालं की थांबा, उत्साहात जास्त चालवू नका. दिवसभर ‘दुखतंय का, दुखतंय का’ विचारायचं मात्र बंद करा. कामधंद्याची, हप्त्याची काळजी असेल तर तीच आधी बोलून घ्या. झोप उडाली, जेवण तुटलं, ‘जगून काय करू’ अशी भाषा आली तर डॉक्टरांना सांगायचंच.

नर्सिंगच्या मुलींनो, तुमच्या केअर प्लॅनचंही उत्तर यातच आहे. ‘वेदना कमी करणे’ हे उद्दिष्ट लिहू नका. ‘तिसऱ्या दिवसापर्यंत आधाराशिवाय बाथरूमपर्यंत, वेदना चारच्या खाली’ असं मोजता येईल ते लिहा.

२२. तांबडा-पांढरा रस्सा चालतो का?

चालतो की. गोळ्यांनी आधीच जळजळ होत असेल तर तिखट आवरा, बीपी असेल तर मीठ. आणि मटणासोबत कांदा-काकडी घ्या, नाहीतर प्रश्न ८ आहेच.

२३. सासूबाईंना उचलून उचलून माझीच कंबर गेली.

हा प्रश्न मला बायकाच पाठवतात. उचलू नका, सरकवा. पलंग ठेंगणा असेल तर पायाखाली भक्कम लाकडी ठोकळे देऊन तुमच्या कमरेच्या उंचीवर आणा. काम संपल्यावर ठोकळे काढा, नाहीतर पेशंटला उतरताना पाय टेकत नाहीत. पेशंट तुमच्या पोटाजवळ, तुमचे गुडघे वाकलेले, एक पाय पुढं, आणि वळायचं तर कंबरेतनं नाही, पावलं टाकून. पेशंटला तुमच्या गळ्यात हात घालू देऊ नका. वर सरकवायचं तर चादर धरून दोघांनी. दुसरं माणूस म्हणजे घरातला पुरुष. त्याला फोन बाजूला ठेवून बोलवा. पेशंट घसरायलाच लागला तर झेलू नका, तुमच्या अंगाला टेकवत हळूच खाली बसवा.

२४. पंचगंगेला पाणी वाढतंय, आई ऑपरेशन होऊन पडून आहे. कशी आणि कधी हलवू?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पावसाळ्यात हा प्रश्न दरवर्षी येतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. तुमच्या गल्लीत पाणी येत असेल तर ४३ ची वाट बघायची नाही, इशाऱ्याला आणि उजेडात हलवायचं. होडीत उतरवणं तिच्या कंबरेसाठी सगळ्यात वाईट.

बसू शकत असेल तर हाताच्या प्लॅस्टिक खुर्चीत बसवून छातीवरनं आणि मांडीवरनं ओढणी बांधा. जिन्यावरनं उतरवताना तिची पाठ मागं रेललेली आणि तोंड उतरायच्या दिशेला. वरचा माणूस पाठीकडनं धरतो, खालचा पुढच्या पायांकडनं, आणि आकडे वरच्यानं म्हणायचे. बसू शकत नसेल तर रुंद फळीवर किंवा दार काढून त्यावर, प्रश्न ७ प्रमाणं वळवून, तीन ठिकाणी बांधून चौघांनी. गाडीत पुढचं सीट मागं रेलवून, कंबरेमागं गुंडाळलेला टॉवेल.

निघण्याआधी गोळीची वेळ जुळवून अर्धा-पाऊण तास आधी द्या. सोबत डिस्चार्ज कार्ड, एमआरआय आणि आठवड्याची औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. कमोड खुर्चीही न्या. निवारा शाळेत असेल तर तिथं खाली बसायचाच संडास असण्याची शक्यता जास्त.